परदेशी खेळाडूंना मर्यादा हवीच का? (आईस हॉकी)

तिसरीफळी
माझं मत आधीच सांगतो: युरोपातल्या लीगनी परदेशी खेळाडूंचा आकडा बांधूनच ठेवावा. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या सर्वात मोठ्या लीगला मर्यादा नाही, तिचं सोडा. सगळं जग तिकडेच धावतं. पण डीईएल या जर्मनीच्या वरच्या लीगमध्ये एका सामन्यात नऊ परदेशी चालतात. वीस-बावीस जणांत नऊ! आणि ते काही चौथ्या फळीत (आळीपाळीने उतरणाऱ्या तुकड्यांतली शेवटची) बसायला आलेले नसतात. पॉवरप्ले (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर गेला की मिळणारी जास्त माणसांची संधी) मिळाला की कोच त्यांच्याच खांद्यावर थाप मारतो. स्थानिक पोरगा बेंचच्या टोकाला, स्टिकची टेप कुरतडत. सामनाभरात चार-पाच मिनिटं बर्फ मिळाला तर मिळाला. शिकणार कधी तो?

निळीरेषा
साप साप म्हणून भुई धोपटताय. जर्मनीचे मोरित्झ सायडर आणि टिम श्टुट्झले याच डीईएलमध्ये मानहाइमकडून खेळले. सायडर 2019 मध्ये अठराव्या वर्षी चॅम्पियन संघात होता. त्याच वर्षी डेट्रॉइटने त्याला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या फेरीत) सहावा उचलला, पुढच्या वर्षी ओटावाने श्टुट्झलेला तिसरा. नऊ परदेशी तेव्हाही होतेच की.

तिसरीफळी
ते दोघे कुठेही चमकले असते हो. मी त्यांच्या खालच्या वीस जणांबद्दल बोलतोय, ज्यांची नावं तुम्हालाही सांगता येणार नाहीत.

जाळीवाला
मी गोलकीपरांच्या पंथातला, त्यामुळे माझं दुखणं वेगळं. फॉरवर्ड बारा असतात, एखाद-दुसरा परदेशी आला तर बाकीचे सरकून घेतात. जाळीत जागा एकच. परदेशी गोली आणला की स्थानिकाचा अख्खा हंगाम दार उघडण्यात जातो (बेंचचं दार, शब्दशः). स्विस लीगमध्ये बरीच वर्षं चारच परदेशींची मुभा होती. त्यातली एक जागा गोलीवर कोण खर्च करणार? क्लब गोल मारणारे आणायचे आणि जाळी बहुतेक ठिकाणी घरच्या पोरांकडे राहायची. तिथूनच डेव्हिड एबिशर, मार्टिन गेर्बर, योनास हिलर एनएचएलपर्यंत पोचले. 2013 च्या जागतिक स्पर्धेत स्वित्झर्लंड एकही सामना न हरता फायनलला गेलं. फायनलमध्ये स्वीडनने धुतलं, पण तो विषय नको.

कॅनडाच्या ज्युनियर लीगनी तर काही वर्षं नवे परदेशी गोली घेणंच बंद केलं होतं. 2018 मध्ये ती बंदी उठली.

निळीरेषा
स्वित्झर्लंडची अर्धीच गोष्ट सांगितलीत. 2022-23 पासून तिथे सहा परदेशी चालतात. त्यानंतर 2024 आणि 2025 ला जागतिक स्पर्धेत लागोपाठ रौप्य! आणि मर्यादा वाढवावी असं क्लबना का वाटलं? परदेशी मोजकेच, म्हणून बऱ्यापैकी स्विस खेळाडूचा भाव आभाळाला. तिसऱ्या फळीतला माणूस पहिल्या फळीचा पगार मागायचा आणि क्लबला मुकाट द्यावा लागायचा. (आयडीवरून बोलत नाहीये, राग नसावा.)

तिसरीफळी
राग नाही, माझा पगार तेवढाही नाही. पण 2024 च्या त्या संघातले योसी, हिशियर, फिआला हे सगळे चार परदेशींच्या काळातले. सहाचं पीक यायला अजून दहा वर्षं आहेत.

निळीरेषा
चांगली नावं घेतलीत! फिआला कोवळ्या वयात स्वीडनला गेला, हिशियर सतराव्या वर्षी कॅनडात हॅलिफॅक्सला. जर्मनीचा ड्रायसाइटल सोळाव्या वर्षी कॅनडातच प्रिन्स आल्बर्टला. तुमचे 'स्थानिक' दुसऱ्यांच्या लीगमध्ये परदेशी म्हणूनच घडले. सगळ्यांनी दारं लावली असती तर गेले कुठे असते?

तिसरीफळी
घरी पुरेशी मिनिटं दिसली असती तर सोळाव्या वर्षी घर कशाला सोडलं असतं?

निळीरेषा
चांगल्या स्पर्धेसाठी. योसी बर्नमध्येच वाढला, तोही शेवटी एनएचएलमध्ये नॅशव्हिलला गेलाच.

पक्काखेळाडू
पासपोर्टची पळवाट विसरलात दोघंही. 2018 च्या घरच्या ऑलिम्पिकआधी दक्षिण कोरियाने आशिया लीगमध्ये खेळणाऱ्या उत्तर अमेरिकेच्या काही खेळाडूंना नागरिकत्व दिलं, जाळीत मॅट डाल्टन. 2017 मध्ये संघ प्रथमच जागतिक स्पर्धेच्या वरच्या गटात चढला, 2018 मध्ये सातही सामने हरून खाली आला.

जाळीवाला
माझी तडजोड: फॉरवर्ड हवे तितके आणा, गोली मात्र घरचाच.

निळीरेषा
चालेल. मग पुढच्या करारात तुमचा गोली तिप्पट पगार मागेल, तेव्हा इथे रडायला येऊ नका.