नवीन लॅपटॉप-डेस्कटॉप आत्ता घ्यावा की वर्षभर थांबावं? (ठाणे)

कोलशेतकर

घरी सहाव्या पिढीचा आय-५ डेस्कटॉप आहे, ८ जीबी रॅम, विंडोज १०. टॅली आणि डीएससी (डिजिटल सहीचं यूएसबी टोकन) लावून रिटर्न भरणं हे त्यावरचं मुख्य काम. शिवाय मुलीला मेकॅनिकल इंजिनीअरिंगसाठी लॅपटॉप हवाय, बजेट ८० हजारांच्या आसपास. स्टेशनजवळच्या दुकानांत जो तो 'एआय पीसी' दाखवतोय आणि रॅमचे भाव परवडेनासे झालेत. पुढच्या पिढीचे प्रोसेसर येईपर्यंत थांबलं तर खरंच काही पदरात पडेल का? आणि ते एनपीयू (एआयच्या कामांसाठीचा प्रोसेसरमधला भाग), टॉप्स (त्याच्या वेगाचं माप) वगैरेला किती महत्त्व द्यायचं?

ऐरोली_सेक्टर८

आधी डेस्कटॉपचं बघू. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते, म्हणजे तुमचं मशीन त्यात बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना मात्र १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळू शकतात. आवृत्ती २२एच२ हवी. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की नावनोंदणीची लिंक दिसते, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे भरावे लागत नाहीत. हे आजच करून टाका. रिटर्न आणि डीएससीचं काम त्याच मशीनवर होतं, तेव्हा तुमची खरी मुदत ही तारीख आहे. इंटेल-एएमडीच्या नव्या प्रोसेसरचं वेळापत्रक नंतर.

आता थांबण्याबद्दल. एरवी सहा महिने थांबलं की भाव उतरायचे, ते गणित सध्या चालत नाही. जगातलं बहुतेक डीरॅम (रॅमच्या चिप) सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या कारखान्यांतून येतं, आणि त्यांची क्षमता एआय सर्व्हरना लागणाऱ्या एचबीएमकडे (अतिवेगवान मेमरीकडे) वळली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. त्यामुळे कंपन्या तीच किंमत टिकवायला प्रोसेसर नवा देतील आणि रॅमवर हात आखडता घेतील, असा माझा अंदाज आहे. लॅपटॉप आत्ताच घ्या, १६ जीबीच्या खाली उतरू नका.

चिपसेट_वाशी

लॅपटॉपबद्दल सहमत, पण डेस्कटॉपला सरसकट 'आत्ताच घ्या' लागू होत नाही. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० एस डेस्कटॉप प्रोसेसरचं सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए १८५१ आहे. पुढची पिढी, नोव्हा लेक, २०२६ च्या अखेरीस येणार असं इंटेलनेच सांगितलंय आणि त्याला नवं सॉकेट लागेल अशीच चिन्हं आहेत. म्हणजे आज घेतलेल्या बोर्डवर पुढे नवा प्रोसेसर चढेल ही आशा धरू नका. एएमडीचं एएम५ सॉकेट २०२२ पासून आहे आणि २०२७ व त्यापुढेही चालवू असा एएमडीचा शब्द आहे. नवीन असेंबल करायचंच असेल तर एएम५.

रॅम मात्र विचार करून लावा. एएम५ वर रायझन ९००० प्रोसेसर असेल तर डीडीआर५ रॅमच्या दोन पट्ट्या ५६०० ला चालतात. चार लावल्या की एएमडीची अधिकृत मर्यादा ३६०० वर येते. तेव्हा 'आत्ता ८ च्या दोन, पुढे अजून दोन' हा जुना हिशोब सोडा आणि १६ च्या दोन एकदमच घ्या. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. घाबरून मध्येच बटण दाबलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चालू झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लावणारी सेटिंग, सुरू करा, नाहीतर जास्त वेगाची म्हणून घेतलेली रॅमही मूळ वेगावरच पळते.

नौपाडा_पीसी

टॅलीसाठी एवढं कशाला? त्या कामाला चांगला एसएसडी आणि एका कोअरचा बरा वेग पुरतो. महापे, ऐरोलीच्या ऑफिसांतून लीज संपून निघालेले आठव्या-दहाव्या पिढीचे ब्रँडेड डेस्कटॉप बाजारात येतात. त्यांत डीडीआर४ रॅम आधीच बसवलेली असते, म्हणजे आजच्या भावात रॅम वेगळी विकत घ्यावी लागत नाही. घेण्याआधी विंडोज+आर दाबून tpm.msc टाका. स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं पाहिजे. एसएसडीची हेल्थ क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये बघा. पाच-सहा वर्षं चाललेला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलायची तयारी ठेवा, ब्रँडेड छोट्या कॅबिनेटमध्ये साधा एटीएक्स एसएमपीएस बसत नाही हेही ध्यानात असू द्या.

एनपीयूचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टच्या 'कोपायलट प्लस'ची अट आहे किमान ४० टॉप्सचा एनपीयू, १६ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज. त्यातून मिळतं काय? रिकॉल (स्क्रीनवर आधी पाहिलेलं शोधून देणारं), बोलण्याचं थेट भाषांतर करणारे कॅप्शन, पेंटमधली चित्रनिर्मिती. टॅली किंवा सॉलिडवर्क्सला (मेकॅनिकलचं डिझाइन सॉफ्टवेअर) याचा काडीचा उपयोग नाही.

घरच्या घरी भाषेचं मॉडेल चालवायचं ठरवलं तरी अडतं ते टॉप्सवर नव्हे, मेमरीच्या वेगावर. ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटांत साधारण ५ जीबीचं होतं. प्रत्येक शब्दखंड (टोकन) काढताना हे सगळे ५ जीबी मेमरीतून वाचावे लागतात. डीडीआर५-५६०० च्या दोन पट्ट्या सेकंदाला ८९.६ जीबी देतात, म्हणजे सेकंदाला कमाल १८ च्या आत शब्दखंड. एकच पट्टी असेल तर ४४.८, आणि वेग सरळ निम्मा. एनपीयू ४० चा असो की ५० चा, ही भिंत तिथेच राहते.

ऐरोली_सेक्टर८

रिफर्बिश्डचा मुद्दा पटला, या कामाला तेच योग्य. फक्त जीएसटी बिल आणि त्यावर सीरियल नंबर घ्या.

कोलशेतकर

सर्वांचे आभार. लॅपटॉपमध्ये दोन गोष्टींनी गोंधळ होतोय. दुकानदार स्नॅपड्रॅगनवाला सुचवतोय, बॅटरी खूप टिकते म्हणून. दुसरीकडे एएमडीचा 'रायझन ५ ७५२०यू' स्वस्तात मिळतोय, आकडा तर मोठा दिसतो.

चिपसेट_वाशी

मेकॅनिकलला स्नॅपड्रॅगन नको. बॅटरी खरंच चांगली टिकते, पण तो एआरएम प्रोसेसर आहे, म्हणजे इंटेल-एएमडीच्या एक्स८६ पेक्षा वेगळ्या रचनेचा. साधे जुने प्रोग्रॅम विंडोज इम्युलेशनमधून (भाषांतर करून) चालवतं. कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) बसणारे ड्रायव्हर मात्र इम्युलेट होत नाहीत, त्यांची एआरएम आवृत्तीच लागते. जुना प्रिंटर, डीएससी टोकन, कॉलेजच्या लॅबमधली उपकरणं अडकतात ती इथेच. सॉलिडवर्क्सलाही एक्स८६ मशीनच घ्या.

७५२०यू च्या आकड्यात तिसरा अंक बघायचा. ७००० मालिकेच्या मोबाइल रायझनमध्ये तिथे २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४ (झेन म्हणजे एएमडीच्या प्रोसेसरची रचना, आकडा मोठा तितकी ती नवी). पहिला ७ फक्त मालिकेचं वर्ष सांगतो. म्हणजे ७५२०यू हा चार कोअरचा झेन २ आहे, वर त्याची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली. तिकडे बघूच नका. इंटेलमध्ये 'कोअर ५ २१०एच'सारखी नावं नवी वाटतात, पण त्यांत 'अल्ट्रा' नाही आणि आतली रचना जुन्या रॅप्टर लेक पिढीची आहे. हे वाईट नाहीत, सॉलिडवर्क्सला चांगले पळतात. फक्त नव्याचे पैसे मोजू नका.

मुलीच्या कामाला आरटीएक्स ५०५० किंवा ४०५० ही ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप बघा. ५०५० ला ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्सची स्वतःची मेमरी) आहे, ४०५० ला ६. एकच ५०५० कंपनीनुसार ३५ वॉटपासून १०० वॉटपर्यंत चालवलं जातं आणि वेगात मोठा फरक पडतो. खोक्यावर हा आकडा क्वचितच असतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की कमाल ग्राफिक्स पॉवर दिसते.

नौपाडा_पीसी

दुकानात डेमो पीस चालू करून टास्क मॅनेजर उघडायला लावा, परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे 'स्लॉट्स यूज्ड' १ ऑफ २ असेल तर एकच पट्टी आहे, दुसरी नंतर लावता येईल. फॉर्म फॅक्टर 'सोडिम' म्हणजे पट्टी निघते, 'रो ऑफ चिप्स' म्हणजे सोल्डर. सोल्डर असेल तर आज जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. एलपीकॅम२ नावाचं स्क्रूने बसणारं, बदलता येणारं मॉड्यूल आलंय आणि २०२४ पासून काही महाग वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये मिळतंही, पण ८० हजारांत त्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

आणि लॅपटॉप घरी आला की पहिल्याच दिवशी एक काम. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं आणि रिकव्हरी की त्या खात्यात जाते. पुढे मदरबोर्ड बदलावा लागला किंवा बायोस अपडेटनंतर ४८ अंकी की मागितली गेली आणि ती हाताशी नसली, तर एसएसडी धडधाकट असूनही डेटा जातो. मुलीच्या खात्यात लॉगिन करून ती की कागदावर उतरवा आणि बिलाच्या फाइलमध्ये ठेवा.