रील टाकून हापूस विकायला सांगणाऱ्याने आधी एक पेटी भरून दाखवावी

कातळसडा
काल एका बिझनेस कोचची पोस्ट ग्रुपाग्रुपांतून फिरत माझ्यापर्यंत आली. म्हणणं असं की कोकणातला बागायतदार आळशी आहे म्हणून दलाल श्रीमंत झाला. रोज एक रील टाका, गिऱ्हाईक थेट दारात येईल, वाशीच्या घाऊक मार्केटचा रस्ता विसराल. खाली टाळ्यांचा पाऊस.

माझी देवगड तालुक्यात बाग आहे. एप्रिलात आमचा दिवस कसा जातो ते सांगतो. उजाडायच्या आत गडी झेला (टोकाला जाळी लावलेली काठी) घेऊन झाडावर. ऊन चढायच्या आत तोड उरकायची. देठ ठेवून काढायचं, नाहीतर चीक फळावर ओघळतो आणि पिकताना काळा डाग उमटतो. मग निवड, पेंढा, पेट्या, आणि संध्याकाळी गाडी गाठायची. यात फोनसमोर उभं कोण राहणार? आणि राहिलं तरी रीलमध्ये फळाचा रंग दिसतो, आतला साका (गरातला पांढरट, बिघडलेला भाग) दिसत नाही.

वाशीला माल गेला की पट्टी, म्हणजे दलालाचा हिशेब, येते. भाव पडतो, मान्य. पण मोठं, लहान, डागी, सगळं फळ उचललं जातं. फोनवरच्या गिऱ्हाइकाला फक्त मोठं, एकसारखं, बिनडागी फळ हवं. उरलेलं सगळं कॅनिंगच्या (डबाबंद रसाच्या कारखान्याच्या) भावात घालू का?

शिवाय पोस्ट कुणाला दिसणार हे आपल्या हातात नाही. 2018 च्या जानेवारीत फेसबुकने पेजच्या पोस्टी मागे ढकलून घरच्यांच्या आणि मित्रांच्या पुढे आणल्या. त्यानंतर पैसे न भरता पेज चालवणाऱ्यांची काय गत झाली ती बघा. वाशीच्या दलालाला शिव्या घालायच्या आणि जाहिरातीचे पैसे वर 18 टक्के जीएसटी लावून भरायचे, तेही एक आंबा विकण्याआधी! याला थेट विक्री म्हणू नका.

पावसचा_बागायतदार
तुमचा राग कळतो, पण तुम्ही रील आणि सोशल मीडिया एकच धरून बसलात. मी आजवर एकही रील केलेली नाही. माझा अर्ध्याहून जास्त माल व्हॉट्सॲपवर जातो.

2020 च्या मे महिन्यात, ऐन हंगामात, वाशीचं मार्केट कोरोनामुळे काही दिवस बंद ठेवलं होतं. झाडावर फळ तयार आणि घेणारं कुणी नाही. तेव्हा मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांच्या सेक्रेटऱ्यांना फोन लावले, गेटपर्यंत टेम्पो नेला. त्यातली बरीच घरं आजही आमच्याकडूनच आंबा घेतात. फळ पाडाला आल्यावर झाडाचा एक फोटो, पेंढ्यात पिकायला आढी लावल्यावर एक, आणि खाली भाव. एवढीच आमची जाहिरात. एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 माणसं बसतात, आणि आपला नंबर ज्याने सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणजे ज्याला नको त्याच्या डोक्याशी कटकट नाही. हे फुकट आहे आणि रात्री जेवण झाल्यावर करता येतं.

गाळेवाला
दलाल, दलाल म्हणून आम्हाला किती बडवणार? मोहोर यायच्या आधी फवारणीला पैसे कोण देतं? थ्रिप्स ही कीड आली, औषधाचा खर्च दुप्पट झाला, तेव्हा इन्स्टाग्राम उचल देतं का? 2016 पासून फळांवर शेतकऱ्याकडून आढत (दलालाचं कमिशन) घेता येत नाही, घेणाऱ्याकडून घ्यावी लागते. हे कोचसाहेबांना माहीत तरी आहे का?

पावसचा_बागायतदार
उचल देता, खरं आहे. पण ती घेतली की माल तुमच्याच गाळ्यावर आणि भाव तुम्ही सांगाल तो, हेही लिहा ना. पट्टीवर आढत दिसत नाही, पण भावात काय मुरतं ते बागायतदाराला कळतं. उगाच साळसूद होऊ नका.

गाळेवाला
तुमचा माल जातो त्या गाळ्यावर तसं झालं असेल. माझ्याकडे वडिलांच्या काळापासून येणारी घरं आहेत, त्यांना विचारा. सगळ्यांना एका मापात मोजू नका.

मीनल_कोथरूड
मी फक्त खाणारी. मला थेट शेतकऱ्याकडूनच घ्यायचा होता, म्हणून गेल्या वर्षी एका पेजवरून ‘अस्सल देवगड’ मागवला. पेजवर बाग, झोपाळा, आजीचा फोटो, सगळं होतं. भाव विचारला तर ‘डीएम करा’, म्हणजे खासगी निरोप पाठवा. पैसे आगाऊ घेतले. पेटी उघडली तर वरच्या थरात बरी फळं आणि खाली हिरवी, गुळगुळीत, वास नसलेली. तक्रार केली तर नंबर ब्लॉक. सोशल मीडियावर विकायचं म्हणजे हेच असेल तर मी मंडईतल्या ओळखीच्या माणसाकडेच बरी. तो निदान दुसऱ्या दिवशी तिथेच बसलेला सापडतो.

कातळसडा
हेच म्हणतोय मी! आमच्या नावावर कर्नाटकातला नाहीतर दुसऱ्या कुणाचा माल विकायला याहून सोपी जागा नाही. म्हणून तर 2025 च्या हंगामात आमच्या तालुक्याच्या संस्थेने प्रत्येक फळाला कोडचं स्टिकर आणलं. कोडचा काही भाग वर दिसतो, काही खाली दडलेला. स्टिकर सोलल्याशिवाय खात्री होत नाही. मीनलताई, पुढच्या वेळी स्टिकर नसेल तर देवगड समजूच नका.

पावसचा_बागायतदार
झालं, आली गाडी देवगडवर! 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर सगळे आहेत. पण तुमच्या प्रचारामुळे शहरातल्या माणसाला देवगड सोडून बाकीचा हापूस नकलीच वाटायला लागलाय. रत्नागिरीजवळच्या आमच्या पावसच्या आंब्याला फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘देवगडचा आहे ना?’ नाही म्हटलं की गिऱ्हाईक गप्प होतं. हे नुकसान कोण भरून देणार?

कातळसडा
आम्ही नाव कमावलं त्याचा आम्हाला दोष? साल पातळ, घमघमाट खोलीभर. रत्नागिरीने कमवावं की.

पावसचा_बागायतदार
रत्नागिरी हापूस हे नाव तुमच्या स्टिकरच्या किती आधीपासून मुंबईत चालतंय ते गाळेवाल्यांनाच विचारा. इथे कुणी कालचं नाही.

गाळेवाला
पूर्वी पेटीवर रत्नागिरी लिहिलं की डोळे मिटून घ्यायचे, हे खरं. आता देवगडला मागणी जास्त, हेही खरं. मला दोघेही सारखेच.

बेळगावकर
कातळसडा, कर्नाटकाचा आंबा म्हणजे विष असल्यासारखं बोलू नका. धारवाडकडचा हापूस आम्ही लहानपणापासून खातो, स्वस्त आणि चांगला आहे. गुन्हा तो विकण्यात नाही, त्याला देवगड म्हणण्यात आहे. आणि हा उद्योग बहुतेक वेळा आमचा शेतकरी करत नाही, मधला करतो. मीनलताईंना फसवणाऱ्याच्या पेजवर बाग कोकणातली होती की धारवाडची, त्याने काय फरक पडतो?

फराळवाली_डोंबिवली
आंबा माझा विषय नाही, पण मूळ मुद्द्यावर बोलते. 4 ऑक्टोबर 2021 ला व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक तिन्ही तासन्‌तास बंद पडलं. दिवाळी बरोबर महिन्यावर. चकली, अनारशांच्या ऑर्डरी फोनमध्ये अडकल्या आणि कुणी किती किलो सांगितलंय ते आठवेना. त्या दिवसापासून नाव, नंबर, ऑर्डर वहीत उतरवते. तरी धागाकर्त्यांचं सगळं पटत नाही. माझं दुकान नाही, गाळ्याचं भाडं परवडत नाही. व्हॉट्सॲप नसतं तर माझे लाडू आमच्या मजल्याच्या पलीकडे गेले नसते. ज्याला वाशी आहे त्याने ‘नको’ म्हणावं. माझ्यासारखीला दुसरं काय आहे?

कातळसडा
ताई, तुमचं म्हणणं पटलं. फराळ ऑर्डर आल्यावर करता येतो, आंब्याला थांबता येत नाही, एवढाच माझा मुद्दा. कोचला तो फरक कळत नाही याची चीड आहे.

पावसकर, तुमचं ब्रॉडकास्टचं म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे, एवढं कबूल करतो. निवडक मोठं फळ तसं विकून बघेन. बाकी माल वाशीलाच जाईल. रील करणार नाही, आणि त्या कोचने आम्हाला आळशी म्हटलेलं विसरणार नाही.

मीनल_कोथरूड
विकाल तेव्हा भाव उघड लिहा. ‘डीएम करा’ दिसलं की मी पुढे वाचतसुद्धा नाही.

पावसचा_बागायतदार
आणि कुरिअर भावात धरलंय की वेगळं, तेही लिहा. फळ कडक पाठवतोय, पेंढ्यात ठेवून आठवडाभर थांबा, हे पैसे घेण्याआधी सांगा. ‘कच्चा आंबा पाठवला’ म्हणून आलेले फोन मी हंगामभर उचलतो.