2 जीबी रॅम, 16 जीबी स्टोरेजचा जुना फोन: 25 टक्क्यांवर बंद पडतो, ॲप उघडायला वेळ लावतो

प्रश्न: जुनंसोनं

2017 चा फोन आहे. स्नॅपड्रॅगन 425 प्रोसेसर, 2 जीबी रॅम, 16 जीबी स्टोरेज, 3000 एमएएच बॅटरी, मायक्रो यूएसबी, अँड्रॉइड 8.1. मूळ आवृत्ती 7.1 होती.

1. बॅटरी 25 टक्क्यांच्या आसपास आली की कॅमेरा किंवा फ्लॅश लावताच फोन बंद. चार्जर लावून चालू केला की पुन्हा 20 च्या वर दाखवतो.
2. ॲप उघडायला 8-10 सेकंद, कीबोर्ड वर यायला 3. मोकळी जागा 1.1 जीबी. रॅम साफ करणारं ॲप टाकलंय, फरक शून्य.
3. केबल हलली की चार्जिंग तुटतं.

32 जीबीचं कार्ड पडून आहे, ते आतल्या स्टोरेजला जोडावं का? बॅटरी बदलावी, कस्टम रॉम (कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी दुसऱ्यांनी बांधलेलं अँड्रॉइड) टाकावी, की दोन्ही? कॉल, मेसेज, नकाशे आणि बँकेचं ॲप एवढं चाललं की पुरे.

तापलेली_कावीळ

पहिल्या तक्रारीपुरतं लिहितो. टक्के खोटे नाहीत, सेलचा अंतर्गत रोध वाढलाय. 25 टक्क्यांना सेलवर साधारण 3.7 व्होल्ट असतात. कॅमेरा, फ्लॅश आणि पूर्ण ब्राइटनेस मिळून 2 अँपिअर ओढले आणि रोध 0.25 ओहम असेल, तर अर्धा व्होल्ट तिथेच पडला. उरले 3.2. साधारण 3.3-3.4 च्या खाली गेलं की फोन स्वतःला बंद करतो. भार गेला की व्होल्टेज परत वर येतं, म्हणून चालू केल्यावर टक्के शिल्लक दिसतात. 'पूर्ण उतरवून पूर्ण भरा, कॅलिब्रेट होईल' हा सल्ला इथे कुचकामी. आकडा सुधारेल, रोध नाही.

तपासायला डायलरमध्ये *#*#4636#*#* टाका आणि बॅटरीची माहिती उघडा. काही फोनमध्ये हा मेनू लपवलेला असतो, तसं असेल तर बॅटरीची माहिती दाखवणारं कुठलंही साधं ॲप चालेल. 30 टक्क्यांच्या आसपास आधी शांत पडलेल्या फोनचं व्होल्टेज बघा, मग टॉर्च आणि पूर्ण ब्राइटनेस लावून. 0.3 पेक्षा जास्त पडलं तर बॅटरी गेली असं समजा.

मागचं झाकण उचललं गेलंय का, तेही बघा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, चार्ज करायची नाही, तशीच काढायची.

फ्लॅशपुराण

दुसऱ्या तक्रारीत सगळे रॅमला झोडपतात. मी आधी स्टोरेजकडे बोट दाखवीन.

ईएमएमसी, म्हणजे फोनमधली स्टोरेजची चिप, तिच्यावर जुन्या डेटावर थेट लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक भरपूर असले की हे काम मागे गुपचूप उरकतं. 16 पैकी 1.1 जीबीच शिल्लक असेल, तर प्रत्येक छोट्या लेखनासाठी चिप आधी जुना डेटा इकडून तिकडे हलवते, मग पुसते, मग लिहिते. तेवढा वेळ कीबोर्डसुद्धा रांगेत उभा. मोकळी जागा 2.5 ते 3 जीबीवर न्या:

सगळ्यात मोठा ढीग चॅट ॲपच्या फोटो-व्हिडिओंचा असतो, तो कार्डावर हलवा आणि आपोआप डाउनलोड बंद करा. त्यानंतर फोनसोबत आलेली, कधीच न वापरलेली ॲप्स. हे बरेच जण अर्धवट करतात. अशा ॲपची मूळ प्रत सिस्टिम पार्टिशनवर, म्हणजे फोनने स्वतःसाठी राखलेल्या जागेत असते, पण त्याचे अपडेट तुमच्या जागेत बसतात. नुसतं 'बंद करा' दाबून ती जागा सुटेलच असं नाही. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, तीन टिंबं, 'अपडेट अनइन्स्टॉल करा', आणि मग 'बंद करा'. मोठ्या चार-पाच ॲप्समध्ये अर्धा-पाऊण जीबी सहज निघतो. तिसरं, कॅमेऱ्याच्या फोटोंच्या डीसीआयएम फोल्डरमधलं लपलेलं थंबनेलचं (फोटोंच्या छोट्या प्रतींचं) फोल्डर. ते उडवलं तरी चालतं, लागेल तसं पुन्हा तयार होतं.

हे झालं की फोन रात्रभर चार्जिंगला लावून स्क्रीन बंद ठेवा. फोन निवांत आणि चार्जिंगवर असताना अँड्रॉइड ट्रिम चालवतं, म्हणजे कुठले ब्लॉक आता नको आहेत ते चिपला कळतं. त्याआधी 'काहीच फरक नाही' म्हणू नका.

रॅम साफ करणारं ॲप आजच काढा. ते ज्या प्रक्रिया मारतं त्या लगेच पुन्हा उठतात आणि उठताना त्याच दमलेल्या स्टोरेजमधून सगळं वाचतात. शिवाय ते स्वतः रॅम खातं ते वेगळंच. डेव्हलपर पर्यायांतली 'बॅकग्राउंड प्रक्रियांची मर्यादा' पण त्याच कारणासाठी हात न लावता सोडा. तिथल्या तिन्ही ॲनिमेशनचं स्केल मात्र 0.5 करा, म्हणजे ती निम्म्या वेळात उरकतात. फोन वेगवान होत नाही, पण वाट बघणं खरोखर कमी होतं.

कार्ड आतल्या स्टोरेजला जोडू नका. जोडलेलं कार्ड त्याच फोनच्या किल्लीने एन्क्रिप्ट होतं. कार्ड मेलं की त्यावरच्या ॲप्सचा डेटा गेला, आणि दुसऱ्या फोनमध्ये घालून वाचताही येत नाही. वेगाचं म्हणाल तर 'क्लास 10' हा सलग लिहिण्याचा आकडा आहे, ॲपना लागतात ती सुटी छोटी वाचनं-लेखनं. त्यासाठी कार्डावर ए1 ची खूण हवी: सेकंदाला किमान 1500 वाचनं, 500 लेखनं. पडून असलेल्या जुन्या कार्डावर ती बहुतेक नसेलच. फोटो, गाणी, जोडीला ऑफलाइन नकाशे, एवढंच त्याच्यावर ठेवा.

सोल्डरबहाद्दर

तिसरी तक्रार. आधी नवी केबल लावून बघा. मायक्रो यूएसबीत पकड धरणारे दोन बारीक आकडे केबलच्या टोकावर असतात, पोर्टमध्ये नाही. झिजायचं ते केबलने झिजावं अशीच रचना आहे. नव्या केबलनेही तुटत असेल तर फोन बंद करून टॉर्चच्या उजेडात पोर्टमध्ये बघा. खिशातला धागा-धूळ तळाशी दाबून बसते आणि टोक पूर्ण आत जात नाही. लाकडी दातकोरणीचं टोक तासून पातळ करा आणि कडेकडेने बाहेर ओढा. मधल्या जिभेला धक्का नको. टाचणी नको, सुई नको.

तरीही ढिलं असेल तर पोर्ट बदला. या वर्गातल्या बऱ्याच फोनमध्ये पोर्ट आणि माइक खालच्या छोट्या सब-बोर्डवर असतात, अख्खा बोर्ड बदलता येतो, सोल्डरिंग लागत नाही. बॅटरीसाठी फोन उघडणारच असाल तर तेव्हाच उरका.

रॉमवाला

कस्टम रॉमचा विचार जरूर करा. क्रोमची 138 ही आवृत्ती अँड्रॉइड 8 आणि 9 साठी शेवटची, 139 पासून अँड्रॉइड 10 लागतं. म्हणजे ब्राउझरला सुरक्षा अपडेट बंद. तुमच्या मॉडेलसाठी लिनिएज नावाची कस्टम रॉम असेल तर फोनला नवं आयुष्य मिळेल.

फ्लॅशपुराण

मुद्दा बरोबर, पण प्रश्नकर्त्याला बँकेचं ॲप हवंय. रॉम टाकण्यासाठी बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम उचलणारा कुलूपबंद प्रोग्रॅम) उघडला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि बरीच बँक ॲप्स अशा फोनवर चालायला नकार देतात. त्यात हा फोन 7.1 वर बाहेर पडलेला, म्हणजे ट्रेबलच्या (अँड्रॉइड 8 पासूनची, सिस्टिम आणि हार्डवेअरचे ड्रायव्हर वेगळे ठेवणारी रचना) आधीचा. कुठलीही सर्वसाधारण सिस्टिम इमेज टाकून चालेल असं नाही, नेमक्या मॉडेलसाठी बांधलेलीच रॉम हवी. आणि 2 जीबी रॅमवर नवं अँड्रॉइड जास्त जड जातं. ब्राउझरचा प्रश्न अँड्रॉइड 8 ला अजून अपडेट देणाऱ्या दुसऱ्या ब्राउझरने बराचसा सुटतो. बँकेचं काम मात्र ते ॲप अँड्रॉइड 8 वर चालतंय तोपर्यंतच या फोनवर ठेवा.

जुनंसोनं

मोजलं. 28 टक्क्यांवर शांत असताना 3.71, टॉर्च आणि ब्राइटनेस लावल्यावर 3.29. जागा 2.9 जीबी मोकळी केली, ॲप आता 3-4 सेकंदांत उघडतात. नव्या केबलनेही पोर्ट ढिलाच. बॅटरी घेताना काय बघू?

तापलेली_कावीळ

0.42 पडलं, बॅटरीच. फोनच्या नावावर जाऊ नका, जुन्या बॅटरीच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक जुळवा. त्याच लेबलवर चार्जिंगचं कमाल व्होल्टेज असतं, 4.35 किंवा 4.4, तेही जुळलं पाहिजे. त्याच आकारात 4000 एमएएच लिहिलेली दिसली तर ती थाप. उत्पादनाची तारीख छापलेली असेल तर बघा, वर्षानुवर्षं पडून राहिलेला सेल न वापरताच म्हातारा होतो.

उघडताना चार्ज 25 टक्क्यांखाली, फोन बंद, सिम आणि कार्डाचा ट्रे आधी बाहेर. झाकण प्लास्टिकच्या पिकने कडेने सोडवत न्या, एकदम ओढू नका. फिंगरप्रिंट असेल तर त्याची पट्टी झाकणाला चिकटलेली असू शकते. आत गेल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, सब-बोर्डला हात त्यानंतर. बॅटरी चिकटवलेली असेल तर कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-चार थेंब, दोन-तीन मिनिटं थांबा, मग प्लास्टिकचं कार्ड घालून उचला. वाकवायची नाही, स्क्रू-ड्रायव्हर घालायचा नाही.

सोल्डरबहाद्दर

झाकण दाबून बसवण्याआधी चालू करून बघा: चार्जिंग, माइक, व्हायब्रेटर, स्पीकर, दोन्ही सिमचं नेटवर्क. सब-बोर्ड बदलल्यावर नेटवर्क कमजोर वाटलं तर अँटेनाची बारीक गोल वायर टिचकन बसली नसेल. ती आधी बघा, बोर्डाला दोष नंतर.