खोटं जन्मसाल, सोळाची अट आणि आपली पोरं: अनुभव लिहा

शेवंता:
काल भाचीचा मेलबर्नहून व्हॉइस मेसेज आला. चौदा वर्षांची आहे. "मावशी, माझं अकाउंट गेलं. आता तुला मांजरांचे व्हिडिओ कुठे पाठवू?" आवाज असा की घरात कोणी आजारी आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही, हे मी पेपरात वाचलं होतं. वाचून पान उलटलंही होतं. तिचा मेसेज ऐकल्यावर मात्र एसटी स्टँडसमोरचा सायबर कॅफे डोळ्यांसमोर आला.

२००६. मी दहावीत. तासाला वीस रुपये. मैत्रीण आणि मी एकाच प्लास्टिकच्या खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसायचो, दोघींचं मिळून एक ऑर्कुट खातं. वय अठरा पूर्ण आहे का असं विचारायचे, म्हणून १९८५ टाकलं. १९८५ का, तर तिच्या ताईचं साल तेच. कोणी विचारलंच तर रास, नक्षत्र, सगळं पाठ. (विचारणार कोण होतं देव जाणे.) नावही खोटं, वैशाली.

एक "इंजिनिअर" रोज स्क्रॅप (ऑर्कुटवरचा मेसेज) टाकायचा. महिन्याभराने त्याने नंबर मागितला आणि मी घरचा लँडलाइन दिला. एवढी अक्कल. फोन बाबांनी उचलला. "वैशाली आहे का?" "नाही," म्हणाले आणि ठेवला. मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी कॅफेत, आणि मागे बाबा. शेजारची खुर्ची ओढून बसले. "दाखव काय असतं ते." दाखवलं. चष्मा लावून पंधरा मिनिटं सगळे स्क्रॅप वाचले, शेवटपर्यंत. मग एवढंच म्हणाले, "हा पोरगा नाही. फोनवरचा आवाज माझ्या वयाच्या माणसाचा होता." काउंटरवर पैसे दिले, स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. आईला कळलं नाही, आजपर्यंत.

तर कायदा हवा की नको यावर नुसतं भांडू नका, ते टीव्हीवर चालू आहेच. आपापलं लिहा. तुम्ही लहान असतानाचं, तुमच्या पोरांचं, शेजाऱ्यांचं, काहीही.

पुणेरी_पाटी:
१९८५ म्हणजे बरंच सभ्य. आमचा अख्खा वर्ग १ जानेवारी १९८० रोजी जन्मला होता. दर एक जानेवारीला छत्तीस जणांना हॅपी बड्डे टाकता टाकता कॅफेवाल्याने दुसरा गाळा घेतला.

फोडणी:
शेवंता, अंगावर काटा आला गं. माझ्याकडे बरंच आहे लिहायला. कुकर लावलाय, येते.

यारा_काठची:
मी मेलबर्नलाच. थोडं सांगते, कारण भारतातून फोन येतात ते "तुझ्या पोराला पोलीस पकडतील का" असे. मुलांना शिक्षा नाही, आईबापांनाही नाही. दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. यादीत दहा नावं आहेत: फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट, किक, ट्विच. व्हॉट्सॲप नाही, त्यामुळे नाशिकच्या आजीचा रोजचा व्हिडिओ कॉल शाबूत. यूट्यूबही लॉगिन न करता बघता येतं.

आमच्याकडे काय झालं ते ऐका. थोरला पंधराचा. एका ॲपने चेहरा दाखव म्हटलं. दाखवला. पास! आजोबांकडून आलेली मिशी कामी आली. त्याचा मित्र साडेसोळाचा, गाल गुळगुळीत, तो बाहेर. बिचारा ओळखपत्र घेऊन भांडतोय.

धाकटी बाराची. खरा फरक तिच्यात दिसला मला. गेलं वर्षभर रोज एकच रड, "वर्गात सगळ्यांकडे आहे, मलाच नाही". १० तारखेनंतर ती रड बंद. आता कोणाकडेच नाही म्हणे. म्हणजे असेलच काहींकडे, पण बढाई मारता येत नाही. मला एवढं पुरे आहे. थोरल्याचं खातं मी स्वतः बंद करायला हवं का, यावर नवरा-बायकोत दोन दिवस अबोला आहे.

शेवंता:
@यारा_काठची, अबोला कोणाच्या बाजूने?

यारा_काठची:
मी बंद करा म्हणते. तो म्हणतो मशिनने पास केलंय, आपण कोण.

कडेगावकर_मास्तर:
नमस्कार. बहीण मोहित्यांचे वडगावला दिलीय, तालुका कडेगाव. पेपरात आलेलंच गाव हे. २०२२ सालापासून तिथं रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो. मग दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. मी मास्तर असून खरं वाटलं नव्हतं. एकदा पाव्हणा म्हणून गेलो. सातला भोंगा झाला, दाजींनी बातम्या मध्येच बंद केल्या. मी सवयीनं खिशात हात घातला, तर भाची पाटीवरनं मान वर करून म्हणते, "मामा, भोंगा झाला." सगळ्यांदेखत. ठेवला बाजूला. दीड तास काय करायचं कळंना, शेवटी बहिणीबरोबर शेंगा फोडत बसलो. पाच-सहा वर्षांनी तिच्याशी एवढं बोललो असेन.

कायदा नव्हे हा, गावानं ठरवलेलं. पण माझ्या शाळेच्या गावात हेच करू म्हटलं तर मीटिंगमध्ये पहिला विरोध बायांच्या मालिकेचा नाही, बाप्यांच्या रमीचा आला.

वऱ्हाडी_ठेचा:
मास्तर लय भारी. आमच्या इकडं पुसद तालुक्यात बान्सी म्हणून गाव हाय. २०२२ च्या नोव्हेंबरात ग्रामपंचायतीनं ठरावच घेतला, अठराच्या आतल्या पोरायनं मोबाईल वापराचा नाही, सापडला तर २०० रुपये दंड. त्या ठरावाची बातमी मले कोणी पाठवली सांगा? माह्या चौदा वर्षाच्या पुतण्यानं. व्हॉट्सॲपवर. वर हसणारं तोंड.

पुणेरी_पाटी:
दोनशे रुपये पुतण्याकडून घ्या आणि धाग्यावर चहा पाजा.

कोर्टाची_पायरी:
घाईत आहे, तारीख आहे. आपल्याकडे काहीच कायदा नाही असा समज दिसतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं. त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी, मुलांचा माग काढणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं मना, दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, संमतीचा भाग लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. सरळ बंदी मागणारी याचिका सुप्रीम कोर्टापुढे गेली होती, एप्रिल २०२५ मध्ये, हा धोरणाचा प्रश्न आहे म्हणून कोर्टाने ऐकली नाही.

आता अनुभव. माझा भाचा, वय अकरा. पालकांच्या संमतीसाठी ओटीपी आला आईच्या फोनवर. आईचा फोन कोणाच्या हातात असतो? बस.

म्हापसेकर:
गोव्यात आमच्या आयटी मंत्र्यांनी ऑस्ट्रेलियासारखं काही करता येईल का बघतो म्हटलंय. करू देत बापडे. पण माझ्या घरची अडचण वेगळी. पोरगी नववीत, तिला फोनचं फार वेड नाही. आई बहात्तरची, पहाटे अडीचपर्यंत रील्स! कानाला कमी ऐकू येतं म्हणून आवाज फुल्ल. साठीच्या वरच्यांसाठी काही तरतूद असली तर वकीलबाईंनी कळवावं.

फोडणी:
आले. तिसरी शिट्टी सोडून आलेय, चुका सांभाळून घ्या.

मला राग येतो तो या गोष्टीचा की पोरांच्या हातात फोन दिला कोणी? आम्ही? लॉकडाउनमध्ये शाळेचा मेसेज, उद्यापासून वर्ग ऑनलाइन. तेव्हा घरात एक फोन, तो ह्यांच्याबरोबर कामावर. भिशी उचलून दुसरा घेतला, साडेआठ हजारांचा. लेक तिसरीत होता. वर्ग संपले, शाळा उघडली, फोन काही परत गेला नाही. आणि आजसुद्धा गृहपाठ ग्रुपवर, प्रोजेक्टची लिंक यूट्यूबची, स्नेहसंमेलनाचे फोटो इन्स्टाच्या पेजवर. आणि पालकसभेत भाषण काय तर "मुलांना मोबाईलपासून दूर ठेवा". मी उभं राहून विचारलं, बाई मग गृहपाठ वहीत द्या ना. सगळ्या आया टाळ्या वाजवायला लागल्या, बाई पाणी प्यायल्या. दुसऱ्या दिवशी गृहपाठ ग्रुपवरच.

नाव_नको:
या आयडीने पहिल्यांदाच लिहितोय. स्नेहसंमेलनाच्या फोटोंचा विषय निघाला म्हणून.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. नाचातला फोटो कोणीतरी उचलला, चेहरा कापून दुसऱ्याच अंगावर लावला आणि तिच्या नावाने खातं उघडलं. आम्हाला कळलं पाचव्या दिवशी. ती पोट दुखतं म्हणून शाळेत जात नव्हती, आम्ही ओवा देत होतो. ओवा. ॲपवर तीनदा तक्रार केली, तिन्ही वेळा अक्षर न अक्षर तेच उत्तर आलं, आमच्या नियमांचा भंग झालेला नाही. मग सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर नोंद केली, पोलीस स्टेशनला गेलो. तिथल्या एका मॅडमनी मुलीला वेगळ्या खोलीत नेलं, अर्धा तास नुसत्या गप्पा मारल्या, बिस्किटं दिली. त्या बाईंचं ऋण आहे.

पंधरा दिवसांनी छडा लागला. मुलगा चौदाचा. आमच्याच सोसायटीतला, शेजारच्या विंगमधला. त्याची आई दारात येऊन बसली, रडायला लागली. माझ्या बायकोने तिला पाणी दिलं, मला ते आवडलं नाही, पण दिलं. आजही कधी लिफ्टमध्ये भेट होते. सगळे आकड्यांकडे बघत उभे राहतात.

माझी मुलगी अठराची म्हणून तिथे होती आणि तो वीसचा म्हणून. सोळाची अट असती तर दोघांनाही मुळात तिथे प्रवेश नसता. लोक म्हणतात बंदी घालून काय होणार, पोरं खोटं सांगतील. सांगू देत. पण त्या पंधरा दिवसांत मी कोणाची कॉलर धरावी हेच मला कळत नव्हतं. कंपनी म्हणे तुम्ही बघा, शाळा म्हणे घरचं आहे, घरचे म्हणे तिला फोन दिलाच कशाला. कॉलर धरायला कोणीतरी हवं. म्हणून मला कायदा हवा आहे.

यारा_काठची:
दादा, लेकीला खूप माया. आता कशी आहे?

नाव_नको:
अकरावीला आहे. बरी आहे. फोटो काढू देत नाही अजून. बहिणीच्या लग्नात सगळ्या फोटोत पाठमोरी आहे.

शेवंता:
ओव्याचं वाचून थांबले. काय लिहू कळत नाहीये. लिहिलंत, बरं केलंत.

बारावी_सायन्स:
सॉरी, इथे सगळे मोठे आहेत. मी सतराचा. वरचं वाचून पोस्ट करू की नको असं झालं, काकांचं पटतं मला. तरी लिहितो.

मी अडखळत बोलतो. लहानपणापासून. वर्गात हजेरीला "उपस्थित" म्हणायची भीती वाटायची, म्हणून हात वर करायचो. तालुक्याच्या गावी स्पीच थेरपी वगैरे नाही. तेरा वर्षांचा असताना (वय खोटं टाकून, हो) एका ग्रुपमध्ये गेलो, सगळे अडखळणारे. एक नांदेडचा, एक बेळगावचा, दोघी मुंबईच्या. टाइप करताना मी अडखळत नाही. पहिल्या दिवशी रात्री एकपर्यंत बोलत होतो, आयुष्यात एवढं सलग बोललो नव्हतो. मग आम्ही व्हॉइस मेसेज सुरू केले, कोणी हसायचं नाही ही अट. सोळाची अट असती तर ती तीन वर्षं मी कुठे गेलो असतो? घरात कोणी अडखळत नाही.

टिकटॉक २०२० मध्ये बंद झालं तेव्हा शेजारचा दादा दोन दिवस जेवला नव्हता, गावात तो स्टार होता. आता ट्रॅक्टर चालवतो, मजेत आहे. म्हणजे सगळंच वाईट होतं असं नाही, हेही सांगतो.

कडेगावकर_मास्तर:
बाळा, सॉरी कशाला. माझ्या वर्गात असाच एक आहे. हजेरीला मी त्याच्याकडे बघतो आणि लावतो. त्याला विचारलं नाही कधी. आता विचारीन.

वऱ्हाडी_ठेचा:
अभ्यास कर बे, सीईटी जवळ आली. (चांगलं लिहिलं.)

बारावी_सायन्स:
हो काका. लॉगआउट.

म्हापसेकर:
स्टँडसमोरच्या त्या कॅफेखाली वडापाव मिळायचा का हो शेवंताताई? वर्णनावरून सातारा वाटतंय.

शेवंता:
सातारा नाही. वडा नव्हता, कांदाभजी होती. माउस कायम तेलकट असायचा.

पुणेरी_पाटी:
शेवंता, सगळ्यांचं काढून घेतलंस. तुझी लेक काय करते ते गुलदस्त्यात.

शेवंता:
सांगते. सहावीत आहे. चित्रांचे व्हिडिओ बघायला तिला खातं हवं होतं आणि मीच उघडून दिलं. जन्मसाल २००१. मी टाकलं, माझ्या हाताने. परिणाम असा की त्या ॲपच्या लेखी ती चोविशीची आहे आणि तिला कॉलेज प्रवेशाच्या आणि वधूवर सूचक मंडळाच्या जाहिराती येतात. परवा विचारत होती, "आई, मॅनेजमेंट कोटा म्हणजे काय आणि अपेक्षा म्हणजे काय?"

कोर्टाची_पायरी:
तारीख मिळाली. म्हणजे पुढची. शेवंता, साल दुरुस्त कर आजच.

शेवंता:
करायला गेले. खरं साल टाकलं की खातंच बंद होईल म्हणतंय. तिची दोनशे चित्रं आहेत त्यावर. ती शेजारी उभी होती. नाही केलं.

आणि हा धागा काढल्यावर राहवलं नाही म्हणून आत्ता बाबांना फोन केला. वीस वर्षांत पहिल्यांदा तो विषय काढला. आठवतंय का विचारलं. म्हणाले, "त्याने नंतर अजून दोनदा फोन केला होता. दुसऱ्या वेळी मी सांगितलं, वैशालीचं लग्न झालं, फौजदाराला दिली."

मला हे माहीतच नव्हतं.

पुणेरी_पाटी:
बाबांना साष्टांग.

फोडणी:
फौजदाराला दिली!! अगं बाई. डाळ उतू गेली सगळी, ओटा पुसते आणि येते.