यूकेत काँट्रॅक्टिंग: लिमिटेड काढू की अंब्रेलात जाऊ?

रेडिंगकर:
नमस्कार मंडळी. नऊ वर्षं इथे पर्मनंट नोकरी केली, मागच्या महिन्यात आयएलआर (इथे कायम राहण्याचा परवाना) हातात पडलं. लगेच एका एजंटाने सहा महिन्यांचं काँट्रॅक्ट आणलंय, दिवसाला ४५० पौंड, वाढत जाईल म्हणतो. "आउटसाइड आयआर-३५ आहे, कंपनी काढा आणि सोमवारी सुरू व्हा." ऑफिसातला एक मित्र म्हणतो, स्वतःची लिमिटेड कंपनी काढली की वीस टक्के करात सगळं सुटतं. दुसरा पर्याय अंब्रेला, म्हणजे आपल्याला पगारावर ठेवून आपल्या कामाचं बिल लावणारी कंपनी. बायकोला यातलं काहीच पटलेलं नाही. डोक्यावर मॉर्गेज आहे. पाय नेमका कुठे घसरतो, ते जाणकारांनी सांगावं.

जुना_गडी:
आयएलआर झालंय ते बरं. स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे एका मालकाशी बांधलेले असतात तर हा विषयच निघाला नसता.

आयआर-३५ म्हणजे कंपनीच्या आडून खरं तर नोकरीच करणाऱ्याला नोकरदारासारखा कर लावणारा नियम. 'आउटसाइड' म्हणजे तो लागू नाही, 'इनसाइड' म्हणजे लागू. एजंटाच्या तोंडच्या 'आउटसाइड'ला काडीची किंमत देऊ नका. क्लायंट मध्यम किंवा मोठा असेल, तर एप्रिल २०२१ पासून हे ठरवायचं काम क्लायंटचं, आणि कारणांसकट लेखी स्टेटस डिटरमिनेशन स्टेटमेंट द्यावं लागतं. ते मागा. क्लायंट छोटा असेल तर ठरवणार तुमचीच कंपनी, आणि चुकलं तर भरणारही तीच. नुसता करार बघत नाहीत, काम कसं चालतं ते बघतात. मी एका ठिकाणी सुट्टीसाठी मॅनेजरला विचारत होतो, टीमच्या कामाच्या वाटपात माझं नाव होतं. कसला आलाय आउटसाइड!

मित्राचे वीस टक्के विसरा. नफ्याच्या पहिल्या ५०,००० पौंडांवर १९ टक्के कॉर्पोरेशन टॅक्स, त्यावर अडीच लाखांपर्यंतच्या प्रत्येक पौंडावर २६.५ पडतो. उरलेल्यातून डिव्हिडंड घेतला की त्यावर वेगळा कर, करमुक्त फक्त ५०० पौंड. पगार १२,५७० ठेवलात तरी ५,००० च्या वर कंपनीला १५ टक्के एनआय (नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी) आहेच, म्हणजे ११३५ पौंड गेले. एकट्या डायरेक्टरच्या कंपनीला एम्प्लॉयमेंट अलाउन्स, म्हणजे त्या एनआयमधली सूट, मिळत नाही.

आता माझं शहाणपण ऐका. २०२३ मध्ये कंपनीच्या खात्यात आकडा चांगला फुगला होता. रात्री झोपताना ॲप उघडून बघायचो, बरं वाटायचं. पुण्यात फ्लॅट बुक केला आणि १८,००० पौंड सरळ कंपनीच्या खात्यातून उचलले. नंतर डिव्हिडंड दाखवू, असं ठरवून. रेफरन्समध्ये काय लिहिलं असेल? 'पुणे फ्लॅट'. दोन महिन्यांनी काँट्रॅक्ट तुटलं. व्हॅट आणि कॉर्पोरेशन टॅक्स बाजूला काढल्यावर वाटायला नफाच उरेना, मग डिव्हिडंड कशाचा दाखवणार? अकाउंटंटबाईंनी फोन केला, "हे पुणे फ्लॅट म्हणजे कंपनीचा कुठला खर्च?" मला उत्तर सुचेना.

ते झालं डायरेक्टर्स लोन, म्हणजे डायरेक्टरने आपल्याच कंपनीकडून घेतलेलं कर्ज. वर्षअखेरीनंतर नऊ महिने एक दिवस उलटला तरी मी फेडलं नव्हतं, म्हणून कंपनीने त्यावर ३३.७५ टक्के कर, म्हणजे ६,०७५ पौंड भरले. वर १०,००० पेक्षा जास्त बिनव्याजी उचल, म्हणून माझ्या नावावर बेनिफिटचा (कंपनीकडून मिळालेल्या सवलतीवरचा) कर वेगळा. लोन फेडलं की ते ६,०७५ परत मिळतात, पण तेही ज्या हिशेबी वर्षात फेडलं त्याच्या अखेरीनंतर नऊ महिने एक दिवस गेल्यावरच.

तेव्हापासून इन्व्हॉइस जमा झाला की त्याच दिवशी व्हॅट दुसऱ्या खात्यात टाकतो. पाच दिवसांच्या बिलावरचा वीस टक्के व्हॅट म्हणजे बरोब्बर एका दिवसाची कमाई. तुमच्या रेटने आठवड्याला २,७०० जमा होतील, त्यातले ४५० तुमचे नाहीतच. काँट्रॅक्ट वर्षभर चाललं तर उलाढालीची ९०,००० ची मर्यादा ओलांडाल आणि व्हॅटची नोंदणी करावीच लागेल.

शिवणकाम_आणि_शेअर्स:
आमच्याकडे नवऱ्याची कंपनी, निम्मे शेअर्स माझे. साधे ऑर्डिनरी शेअर्स, मताच्या हक्कासकट. नुसता डिव्हिडंडचा हक्क देणारे नव्हेत. असा डिव्हिडंड बायकोच्या नावे घेता येतो का, यावरच्या २००७ च्या आर्क्टिक सिस्टिम्स खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने नवरा-बायकोच्या बाजूने निकाल दिला, तो अशाच शेअर्सवर. डिव्हिडंड माझ्या खात्यात येतो आणि तिथेच राहतो, हे ह्यांना पटायला वेळ लागला.

रजिस्टर्ड ऑफिस म्हणून घरचा पत्ता देऊ नका, कंपनीज हाउसवर (कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत) तो कुणालाही दिसतो. आमच्या दारात पहिल्या महिन्यात जाहिरातींची पत्रं इतकी आली की पोस्टमन हसायला लागला. आणि अकाउंट्स एक दिवस जरी उशिरा गेले तरी दंड १५० पौंड, सहा महिन्यांच्या पुढे १,५००.

जुने गडी, फ्लॅटचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीत.

रेडिंगकर:
सगळ्यांचे आभार. एजंटाकडे ते स्टेटमेंट मागितलं. दोन दिवस फोन नाही, आज मेल आला: क्लायंटच्या मते काम 'इनसाइड' आहे. रेट तोच, ४५०.

जुना_गडी:
मग कंपनी राहू द्या, अंब्रेलातून जा. पण ४५० ला हो म्हणू नका. एम्प्लॉयरचा १५ टक्के एनआय, अप्रेंटिसशिप लेव्ही (शिकाऊ उमेदवारांसाठीचा उपकर) आणि अंब्रेलाचा मार्जिन (तिची फी), सगळं त्याच ४५० मधून कापून मग तुमचा पगार सुरू होतो. एजंटाला विचारा, हा अंब्रेलाचा रेट की पगाराचा रेट? आणि पे-स्लिपचा नमुना आधीच मागवून घ्या.

शेअर्सवाल्या ताई, फ्लॅटचा ताबा अजून मिळायचाय.