मदत हवी आहे: १५.६ किलोची फुल सस्पेन्शन सायकल १४ च्या आत कशी आणावी?

टेकडीवाट:
ॲल्युमिनियम फ्रेम, २९ इंची चाकं, पुढे-मागे १२० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन दबण्याचं अंतर), पुढे एअर फोर्क, मागे एअर शॉक. गिअर शिमानो डिओर एम६१००, १२ स्पीड. पेडल आणि बॉटल केज धरून वजन १५.६ किलो. माझं वजन ७२.

सुटे भाग काट्यावर तोलले ते असे: टायर २.३५ इंची, वायर बीडचे (कडेत तार असलेले), प्रत्येकी १०२० ग्रॅम. ट्यूब प्रत्येकी २४०. दोन्ही चाकं मिळून २२५० (रोटर म्हणजे ब्रेकची चकती, आणि कॅसेट म्हणजे मागच्या गिअरचक्रांचा संच सोडून). कॅसेट ५९३. सीट ३८०. हँडलबार ३३०. ग्रिप १३०. रिम ट्यूबलेस रेडी (ट्यूबशिवाय टायर बसवता येईल अशा) आहेत.

वापर: पुण्यातली वेताळ टेकडी, पाषाण-बावधनच्या पायवाटा, महिन्यातून एकदा सिंहगड. सगळं एकदम बदलणं परवडणार नाही. सुरुवात कुठून करू? कार्बन रिमचा विचार आहे, तो बरोबर आहे का?

सह्यकडा:
वजनं तोलून लिहिलीत हे फार बरं केलंत, नाहीतर असे धागे अंदाजावरच चालतात.

सुरुवात टायर-ट्यूबपासून, म्हणजे ट्यूबलेस करा. दोन ट्यूब निघाल्या की ४८० ग्रॅम गेले. त्यांच्या जागी प्रत्येक चाकात ११० मिली सीलंट (भोक बुजवणारं द्रव), रिमची टेप आणि व्हॉल्व्ह मिळून १२५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे निव्वळ २३० ग्रॅम कमी. वायर बीडऐवजी फोल्डिंग (घडी होणारे), ट्यूबलेस रेडी टायर घ्या: पुढे ८५०, मागे ८८० च्या आसपासचा. आणखी ३१० कमी. ६५० ग्रॅमचे रेसिंग टायर मिळतात, पण आपल्याकडे घेऊ नका. सह्याद्रीचा बेसॉल्ट धारदार फुटतो आणि पातळ साइडवॉल (टायरची बाजू) चिरतो. काट्याचं भोक सीलंट बुजवतं, साइडवॉलची लांब चीर बुजत नाही.

मग चाकं. चांगली ॲल्युमिनियमची जोडी १८०० ग्रॅमपर्यंत मिळते, म्हणजे ४५० वाचले. घेण्याआधी चार गोष्टी जुळवा: पुढचा हब (चाकाचा मधला भाग) १५×११० मिमी, मागचा १२×१४८ (तुमची फ्रेम बूस्ट, म्हणजे रुंद हबची असेल तर), फ्रीहब (कॅसेट बसते तो भाग) मायक्रो स्प्लाइन प्रकारचा, आणि रोटरची बैठक. सहा बोल्टचं रोटर सेंटर लॉक (बोल्टऐवजी मधल्या खाचांत रोटर बसणाऱ्या) हबवर ॲडाप्टरने बसतं, उलटं बसत नाही. कार्बन रिम नको. दगडावर आपटून ॲल्युमिनियमला पोचा पडला तर बऱ्याचदा आऊट काढून काम चालतं. कार्बनला तडा गेला की रिमच बाद.

कॅसेट आताची झिजेपर्यंत वापरा. मग एक्सटी एम८१०० घ्या, ४७० ग्रॅमची. तिची मोठी चक्रं ॲल्युमिनियमची आहेत, त्यामुळे झिजलेल्या चेनवर चालवली तर लवकर जातात. चेन ०.५ टक्का ताणली की बदला. सीट २५० ग्रॅमची मिळते, पण बसायला जमत असेल तरच. फोमच्या ग्रिप ६० ग्रॅमच्या. कार्बन हँडलबार २१० ग्रॅमचा. त्याला कार्बन पेस्ट लावा आणि टॉर्क रेंचने स्टेमवर (हँडलबार धरणाऱ्या भागावर) छापलेल्या आकड्याइतकंच आवळा, बहुधा ५ न्यूटन मीटर.

एवढं सगळं करून सुमारे १.४ किलो उतरतात. सायकल १४.२ वर येईल. त्याखाली जायचं तर फोर्क किंवा फ्रेम बदलावी लागेल, आणि तो खर्च मी तरी करू नका म्हणेन.

घाटचढ:
टीपीयू (पातळ प्लास्टिकची) ट्यूब टाका की. २९ इंचीची ८० ग्रॅमच्या आसपास असते. सीलंटचा पसारा नाही, ट्यूबलेसपेक्षाही हलकं.

सह्यकडा:
डांबरी रस्त्यासाठी कबूल. टेकडीवर बाभळीचे काटे आहेत, तिथे सीलंट नसलेली ट्यूब, मग ती कसलीही असो, पंक्चर होते. शिवाय ट्यूब असली की पिंच फ्लॅट (रिम आणि दगडात ट्यूब चिमटून होणारं पंक्चर) टाळायला हवा जास्त ठेवावी लागते आणि खडकावर पकड जाते. ट्यूबलेसमध्ये ७२ किलोच्या माणसाने पुढे २१, मागे २४ पीएसआयपासून सुरुवात करावी. टीपीयू बॅगेत स्पेअर म्हणून ठेवा, तिथे १६० ग्रॅम सहज वाचतात.

मागचादांडा:
सिंहगडापुरता हिशेब मांडतो. माणूस, सायकल, पाणी मिळून ९० किलो धरा. १.४ किलो कमी म्हणजे दीड टक्का. तासाभराच्या चढात फार तर ५५ सेकंद वाचतील. चाकांचं वजन कमी केल्याचा फायदा एकसारख्या वेगाच्या चढावर वेगळा दिसत नाही. दगडातून सायकल उचलताना, वळणातून पुन्हा वेग घेताना तो हाताला जाणवतो. टायर आधी बदला म्हणतात ते त्यासाठीच.

जड वाटणारी सायकल अनेकदा नीट सेट केलेली नसते. शॉकचा सॅग, म्हणजे बसल्यावर तो किती दबतो, ते बघा: स्ट्रोक (शॉक दबण्याचं पूर्ण अंतर) ४५ मिमी असेल तर बॅग-बाटलीसह बसल्यावर शॉकवरची रबरी ओ-रिंग १३ मिमीच्या आसपास सरकली पाहिजे. १८ सरकत असेल तर प्रत्येक पेडलला मागचा भाग दबतो. डांबरी घाटात शॉकचा लिव्हर फिरवून त्याचं दबणं बंद करा. पावसाळ्यानंतर शॉकचा बोल्ट काढून फ्रेमचा मागचा त्रिकोण हाताने वरखाली करा. अडखळला तर पिव्होटची (फ्रेमच्या हलत्या सांध्यांची) बेअरिंग गेली आहेत. दुचाकीच्या प्रेशर गनने सायकल धुतली की त्यांत पाणी शिरतं.

आणि वजनासाठी दोन गोष्टींना हात लावू नका: पिव्होटचे बोल्ट ॲल्युमिनियमचे करू नका, रोटर १८० मिमीवरून १६० वर आणू नका. सिंहगडाच्या उतारावर लहान रोटर लवकर तापतं.

टेकडीवाट:
म्हणजे आधी टायर आणि ट्यूबलेस, चाकं पुढच्या वर्षी. घरी साधा फ्लोअर पंप आहे, कॉम्प्रेसर नाही. टायर बसेल का?

सह्यकडा:
बसतो. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २-३ मिमी रुंद घ्या, ताणून लावा, व्हॉल्व्हपाशी १० सेंमी एकावर एक येऊ द्या. मग ट्यूब घालून टायर चढवा, कडांना साबणाचं पाणी लावा आणि दोन्ही बाजूंनी टकटक आवाज येईपर्यंत हवा भरा. टायर-रिमवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. तसंच रात्रभर ठेवा.

सकाळी एकच बाजू सोडवून ट्यूब काढा, ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसवा. आता फक्त एकच कड बसायची उरते, ती फ्लोअर पंपाने बसते. व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा होणारा भाग) काढून भरलं तर हवा जोरात जाते. पेट्रोल पंपावर गेलात तर प्रेस्टा (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हचा) ॲडाप्टर लागतो, आणि तो कोअर काढलेल्या व्हॉल्व्हवर बसत नाही. कड बसली की हवा सोडा, व्हॉल्व्हमधून सीलंट ओता, कोअर लावून पुन्हा भरा. चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी हलवा, मग टेकडीवर नेण्याआधी अर्धा तास साध्या रस्त्यावर फिरवा.

उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं. मे संपताना कोअर काढून आत काडी घालून बघा; कोरडी आली तर ६० मिली आणखी टाका.