डीव्हीडी टीव्हीवर लावली की उडी मारणारा माणूस मागेपुढे होतो, आवाजही उशिरा येतो. कॉम्प्युटरवर सगळं ठीक!

एकलहरे_काका

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला राहतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालो, त्याला आता सात वर्षं झाली. यंत्रांना भीत नाही, पण हे सॉफ्टवेअर प्रकरण मला जुमानत नाही.

२००३ च्या सिंहस्थाच्या वेळी मी हौसेने मिनी-डीव्हीचा कॅमेरा घेतला होता. अकरा कॅसेटी कपाटात पडून होत्या. माझी थोरली बहीण, माई, जुन्या नाशकात तिवंध्याजवळ राहते. आता पुन्हा सिंहस्थाची गडबड सुरू झाली तशी ती म्हणाली, "मला आता रामकुंडावर जाणं होणार नाही. तू तेव्हाचं शूटिंग दाखव. आणि रहाडीचं पण." रहाडीचं म्हणजे २००४ च्या रंगपंचमीला आमच्या दाजींनी तिवंध्याच्या रहाडीत मारलेला धप्पा. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, रहाड म्हणजे पेशव्यांच्या काळापासूनचा जमिनीतला दगडी हौद. वर्षभर बुजवलेला असतो, रंगपंचमीला उघडतात, आणि रंगाच्या पाण्यात उडी घेतली की शेजारचे दहाजण भिजले पाहिजेत. दाजी २०११ ला गेले. तेवढी एकच उडी कॅसेटीत आहे.

पेनड्राइव्ह लावा, यूट्यूबवर टाका, असले सल्ले कृपया नकोत. माईकडे जुना डब्बा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे. रिमोटची चार बटणं तिला पाठ आहेत. पाचवं शिकवायला गेलो तर चहासुद्धा मिळत नाही.

जुन्या डेस्कटॉपला फायरवायरचं (कॅमेऱ्याची तार जोडायचं) कार्ड आहे. कॅमेऱ्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरवरच कॅप्चर, एडिटिंग आणि डीव्हीडी. सुरुवातीला कॅप्चर दर वेळी वीस मिनिटांच्या आसपास बंद पडायचं. भाच्याने बाहेरची हार्ड डिस्क फॉरमॅट करून दिली, तेव्हापासून तासाची कॅसेट एका फाइलीत उतरते. पण त्यानंतर हे सुरू झालं:

टीव्हीवर रामकुंडावरची आरती छान दिसते. धप्पा आला की दाजी खाली जाताजाता जरा वर येतात, परत खाली, परत वर. जसं काही त्यांचं मन होत नाहीये.

आवाज सुरुवातीला बरोबर, कॅसेटच्या शेवटी जवळजवळ सेकंदभर मागे. पाणी उडून खाली पडतं आणि मग "धप्प" ऐकू येतं. रहाड नेमकी कॅसेटच्या शेवटी आहे.

एकूण १ तास ५० मिनिटं होतात. दोन-अडीच तास घरघर करून सॉफ्टवेअर शेवटी म्हणतं, डिस्कवर जागा पुरत नाही. म्हणून वरची चाचणी नुसत्या एका कॅसेटची आहे.

आणि मेनूत "सिंहस्थ" लिहिलं की वेलांटी स च्या उजवीकडे जाऊन बसते, स्थ मधल्या स चा पाय मोडलेला. इंग्रजीत लिहिलं तर माई म्हणाली, "हे कुणाचं आणलंस?"

सातपूर_४२२००७

काका, ३२ चा स्मार्ट टीव्ही घेऊन द्या ना माईंना. पेनड्राइव्ह लावला की झालं 😄

एकलहरे_काका

बाळा, परिच्छेद तिसरा.

पंचवटी_शूटिंगवाला

काका, राम राम. मी तेरा-चौदा वर्षं लग्नाची शूटिंगं केली, त्यामुळे दाजींसारखी उडी आमच्याकडे प्रत्येक वरातीत यायची. नागीण डान्समध्ये हमखास. तुमचा दोष आहे फील्ड ऑर्डरचा.

तुमच्या कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत असते, त्या अर्ध्याला म्हणतात फील्ड. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. सेकंदाला असली ५० अर्धी. ती एकाच क्षणाची नसतात, दुसरं अर्ध पहिल्यापेक्षा एक पन्नासांश सेकंद नंतरचं. डीव्हीत खालचं अर्ध आधी येतं. तुमचं सॉफ्टवेअर डीव्हीडी बनवताना वरचं आधी धरत असणार. म्हणजे आधीचा क्षण नंतर आणि नंतरचा आधी. डब्बा टीव्ही एकेक अर्ध पाळीपाळीने दाखवतो, म्हणून दाजी दोन पावलं पुढे, एक मागे. कॉम्प्युटरवर दोन्ही अर्धी एकत्र विणून दिसतात, म्हणून क्रम चुकला तरी तिथे पत्ता लागत नाही. आरतीत हालचाल हळू, तिथे कळतच नाही.

प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये आणि एमपेग-२ (डीव्हीडीवर चित्र साठवायची पद्धत) च्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे "लोअर फील्ड फर्स्ट" करा. कुठे "बॉटम" लिहिलेलं असेल, तेच ते. "प्रोग्रेसिव्ह" किंवा "डीइंटरलेस" करू नका, त्याने थरथर जाईल पण अर्धी हालचालही जाईल आणि पाण्याचे थेंब पुसट दिसतील. पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), ७२० गुणिले ५७६, २५ फ्रेम आहे ना तेही बघा. अमेरिकेचं ४८० वालं एनटीएससी निवडलं गेलं असेल तर आणखी वेगळी थरथर.

आणि अख्खी डिस्क बनवू नका. धप्प्याची फक्त दोन मिनिटं घ्या आणि डीव्हीडी-आरडब्ल्यूवर टाकून माईंच्याच प्लेअरवर बघा. पुसून परत लिहिता येते. आमच्याकडे एका सीझनला शंभरभर डिस्का वाया गेल्यावर ही अक्कल आली.

एकलहरे_काका

५० म्हणजे आमचे ५० हर्ट्झ! टीव्ही आला तेव्हा विजेच्या वारंवारतेशी जुळवूनच हा आकडा धरला होता, हे आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं होतं. जन्मभर ज्या पन्नासाची राखण केली, तोच आता घरी येऊन छळतोय.

कॅसेटकपाट

काका, मी आईबाबांच्या ३० कॅसेटी उतरवल्या आहेत, म्हणून तुमच्या आवाजाचं सांगते. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. कॅप्चर वीस मिनिटांनी बंद पडायचं, कारण ती हार्ड डिस्क एफएटी-३२ (फाइली ठेवायची जुनी पद्धत) होती. तिच्यावर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, आणि डीव्ही तासाला १३ जीबी खातं. हिशोब करा, वीस मिनिटंच निघतात. भाच्याने एनटीएफएस (नवी पद्धत) केली असणार. चांगलंच केलं. पण आधी तुकडे पडत होते तेव्हा प्रत्येक तुकड्याला आवाज नव्याने चित्राशी जुळत होता, म्हणून दोष लपला होता. आता तासभर सलग, त्यामुळे साठत साठत सेकंदभर.

घरगुती डीव्ही कॅमेऱ्यात आवाजाचं घड्याळ चित्राच्या घड्याळाला जखडलेलं नसतं. सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने म्हणायचं, पण पाच-दहा जास्त निघाले तर प्लेअर ते ४८,००० च्याच चालीने वाजवणार, म्हणजे आवाज लांबतो. सेकंदाला दहा जादा धरले तर तासाला पाऊण सेकंद होतो.

कॅप्चरच्या सेटिंगमध्ये "सीननुसार वेगळी फाइल" असा पर्याय शोधा. कॅमेरा बंद-चालू केल्याची वेळ कॅसेटीत नोंदलेली असते, त्यावरून ते आपोआप तोडतं. दर सीन चार-पाच मिनिटांचा, तेवढ्यात घसरण कानाला कळत नाही. पुन्हा कॅप्चर करायचं नसेल तर रहाडीचा आवाज चित्रापासून सुटा करून नुसता सेकंदभर आधी सरकवा. कॅमेऱ्याच्या मेनूत आवाज १२ बिट ठेवला होता का तेही आठवा. तो ३२ किलोहर्ट्झचा असतो, डीव्हीडीला ४८ लागतो, आणि काही सॉफ्टवेअरं ते रूपांतर गचाळ करतात.

एक विचारू? कॅसेटींना बुरशी नव्हती ना? आमच्या दोन पावसाळ्यात पांढऱ्या पडल्या होत्या. तशी असेल तर कॅमेऱ्यात घालूच नका, हेड जाईल.

एकलहरे_काका

ताई, १२ बिटच होता! दुकानदाराने जसा दिला तसा वापरला, कधी बदललाच नाही. बुरशी नाही. भाच्याला आता काय बोलावं कळत नाही, त्याने दोष लावला नाही, उघडा पाडला.

पंचवटी_शूटिंगवाला

जागेचं राहिलं. ४.७ जीबी म्हणजे ३७.६ अब्ज बिट. तुमचे ११० मिनिट म्हणजे ६,६०० सेकंद. भागा: सेकंदाला ५.७ मेगाबिट, चित्र आणि आवाज धरून. तुमचं सॉफ्टवेअर "उत्तम दर्जा" म्हणून ८ वर बसलं असणार, म्हणजे साडेसहा जीबी. आवाज पीसीएम (न दाबलेला) आहे का बघा. असेल तर तो एकटाच दीड मेगाबिट, म्हणजे सव्वा जीबी खातो. डॉल्बी एसी-३ (दाबलेला), १९२ किलोबिटवर करा, दीडशे एमबीत आवरतं. चित्राला ५.२ ठेवा. किंवा सरळ दोन डिस्का करा, एक सिंहस्थाची, एक रहाडीची. मी तेच करीन. थेंब उडतात त्या दृश्याला बिटरेट कमी पडला की चौकोन दिसतात.

त्या सॉफ्टवेअरकडून थेट डिस्क लिहून घेऊ नका. व्हिडीओ_टीएस (डीव्हीडीच्या फाइलींचा) फोल्डर बनवून घ्या आणि इमगबर्न या डिस्क लिहायच्या प्रोग्रामने ४एक्स वेगाने लिहा. मेनूसाठी वेगळं हवं असेल तर डीव्हीडीस्टायलर फुकट आहे.

खिळे_जुळवणारा

वेलांटीबद्दल. जुन्या प्रोग्रामांना देवनागरीची जोडाक्षरं जुळवताच येत नाहीत, नुसती अक्षरं ओळीने मांडतात. फॉन्ट बदलून काही होणार नाही. मेनू म्हणजे शेवटी एक चित्र. लिबरऑफिसमध्ये "सिंहस्थ" लिहा, चित्र म्हणून ७६८ गुणिले ५७६ चं काढा, मग ७२० रुंदीला दाबा (४:३ टीव्ही ते परत ताणतो) आणि मेनूची पार्श्वभूमी म्हणून टाका. कडेपासून दहावा हिस्सा मोकळा सोडा, डब्बा टीव्ही कडा खातो.

एकलहरे_काका

आठ दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व. लोअर फील्ड फर्स्ट केलं, आरडब्ल्यूवर दोन मिनिटं टाकली आणि दुपारीच माईकडे गेलो. दाजी सरळ खाली गेले. एकदाच. सीननुसार परत कॅप्चर केल्यावर "धप्प"ही वेळेवर.

दोन डिस्का केल्या. सिंहस्थाची तिने अर्धी पाहिली आणि म्हणाली, ही राहू दे, दुसरी लाव. रिमोटवरून मागे घेताना ती दर वेळी फार मागे जायची, हलगीपासून सुरू. म्हणून धप्प्याच्या आधी चॅप्टर टाकायला गेलो तर तो सांगितल्या जागी बसेना, थोडा सरकायचा. पंचवटीवाल्यांना फोरमवरच वैयक्तिक निरोप पाठवून विचारलं. ते म्हणाले, चॅप्टर पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच बसतो (बाकीच्यांत नुसता फरक नोंदलेला असतो), आणि ती दर बारा-पंधरा फ्रेमांनी एकदाच येते. म्हणून अर्धा सेकंद आधीच्या फ्रेमवर टाकला. दाजी तेव्हा काठावर उभे राहून धोतराचा काचा मारताहेत.

चॅप्टर क्रमांक ६. तिच्या प्लेअरवर ६ दाबलं की तिथेच जातं. हे पाचवं बटण तिने स्वतः शिकून घेतलं.

सातपूरकर, स्मार्ट टीव्हीचं दिवाळीला बघू.